आधी वाट, मग पार्क

सीताबर्डीच्या मेन रोडवर, धंतोलीत, रामदासपेठेत प्रवासी कंपन्यांच्या पाट्या वाचत गेले, की उन्हाळ्याच्या तोंडावर एक मजकूर हमखास दिसतो: सिंगापूर, मलेशिया, थायलंड, सहा-सात दिवस, थीम पार्कसह. ज्या घरात आठ-दहा वर्षांचे मूल आहे, त्या घरात अशा जाहिरातीवर बोलणे होते, आकडा पाहिला जातो आणि बेत एकतर फसतो किंवा कर्जाच्या हप्त्यांवर जातो. मध्यमवर्गीय नागपूरकराला परदेशातला थीम पार्क परवडतच नाही, असा निष्कर्ष मग निघतो. हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो निघतो, कारण हिशेब उलट्या टोकाने मांडला जातो. आधी पार्क ठरतो, मग देश, मग तारीख आणि नागपूरहून निघायचे कसे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. छोट्या सहलीच्या खर्चात पार्कच्या तिकिटाचा वाटा मर्यादित असतो. मोठा भाग जातो तो वाटेवर, हॉटेलवर आणि वाया गेलेल्या दिवसांवर. म्हणून नागपूरच्या कुटुंबाने आधी वाट आणि तारीख ठरवावी. पार्क त्यातून आपोआप ठरतो.

झिरो माइलचा स्तंभ सीताबर्डीच्या किल्ल्यापासून जवळच आहे. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा रेल्वेला आणि मालवाहतुकीला झाला, परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला मात्र फारसा नाही. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून गेली अनेक वर्षे थेट परदेशी सेवा मुख्यतः आखातातली राहिली आहे: एअर अरेबियाची शारजा आणि कतार एअरवेजची दोहा. सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँग, टोकियो यांपैकी कुठेही जायचे तर आधी मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठावे लागते. हा पहिला टप्पा जाहिरातीत बहुधा नसतो, कारण तिथला आकडा ‘मुंबई ते मुंबई’ असतो. चौघांचे नागपूर-मुंबई जाण्यायेण्याचे विमानभाडे, पहाटेच्या विमानासाठी मुंबईत काढलेली एक रात्र आणि टॅक्सी इतके त्यात मिळवले, की स्वस्त वाटलेले पॅकेज स्वस्त राहत नाही.

पूर्वेकडे जायचे असेल तर हैदराबादचा विचार नागपुरात जितका व्हायला हवा तितका होत नाही. सवयीने आपण मुंबईकडे पाहतो, पण हैदराबाद रस्त्याने पाचशे किलोमीटरवर आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारतही धावते. शमशाबादच्या विमानतळावरून सिंगापूर आणि क्वालालंपूरला थेट विमाने आहेत. सकाळच्या गाडीने निघून रात्रीचे विमान पकडले, तर हॉटेलची एक रात्र वाचते. मात्र इथे एक सावधगिरी हवी. देशातले विमान आणि परदेशी विमान एकाच तिकिटावर असेल, तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. दोन्ही वेगवेगळी काढली, किंवा पहिला टप्पा रेल्वेचा असला, तर विमान चुकण्याचा सगळा तोटा आपला. स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतात हे खरे, पण मध्ये निदान सात-आठ तासांचे अंतर ठेवता येत असेल तरच ती स्वस्त म्हणायची. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे धुके आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईचा पाऊस लक्षात घेता तेवढे अंतरही कधी कधी अपुरे पडते.

थेट वाट शारजाची, म्हणून तिचा विचार आधी करू. साडेतीन तासांच्या आसपासचा प्रवास, मध्ये विमान बदलणे नाही, सामान पुन्हा चढवणे नाही. शारजाहून रस्त्याने सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर अबुधाबीचे यास बेट आहे. २०१० मध्ये तिथे फेरारी वर्ल्ड सुरू झाले, २०१३ मध्ये यास वॉटरवर्ल्ड, २०१८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि २०२३ मध्ये सीवर्ल्ड. सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. त्यांना आणि बेटावरच्या हॉटेलांना जोडणारी बस फुकट आहे. टॅक्सीचा रोजचा खर्च त्यामुळे उरत नाही. डिस्नेनेही मे २०२५ मध्ये आपला पुढचा पार्क याच बेटावर बांधण्याची घोषणा केली. यावर पहिला आक्षेप उन्हाचा. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांतून निघून आखाताच्या पंचेचाळीस अंशांत कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे, पण फेरारी वर्ल्डचा बहुतेक भाग, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि सीवर्ल्ड हे छताखालचे, वातानुकूलित पार्क आहेत. ताशी २४० किलोमीटर वेगाची फॉर्म्युला रोसा ही रोलर कोस्टर बाहेर धावते, बाकीचा दिवस आत जातो. आखातात उन्हाळा हा पर्यटनाचा मंदीचा काळ आहे आणि हॉटेलांचे दर तेव्हा उतरतात. जो उन्हाळा इतरांना तिथून पळवून लावतो, तोच आपल्या शाळांच्या सुट्टीचा काळ आहे. बंद छताखालच्या पार्कसाठी याहून सोयीचा योग नाही.

आणि इथे विदर्भाच्या पदरात एक जास्तीचा लाभ आहे. राज्यात इतरत्र राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या आठवडाभर तरी उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईची मुले वर्गात जाऊन बसलेली असतात तेव्हा आपल्या मुलांना अजून सुट्टी असते. जागांची मागणी उतरलेल्या या दिवसांत भाडे एप्रिल-मेपेक्षा हलके मिळण्याची शक्यता जास्त. तारीख मात्र तिथल्या लोकांच्या सुट्ट्यांशीही ताडून पाहावी लागते. यास बेटासाठी ईदचे दिवस टाळावेत. सिंगापूरच्या शाळांना जवळजवळ अख्खा जून सुट्टी असते, म्हणून सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला जून वाईट आणि दिवाळीची सुट्टी बरी. तिथली वर्षअखेरची सुट्टी साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागते. मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे हॅलोवीनचे खास रात्रीचे कार्यक्रम असतात आणि अशा दिवशी नेहमीचा पार्क लवकर बंद होतो. तिकीट काढण्याआधी ती तारीख तपासावी. मंगळवार किंवा बुधवार निवडला, तर रांग चुकवण्यासाठी वेगळे पैसे घेणारा पास बहुधा लागत नाही. त्या पासची किंमत कधी कधी मूळ तिकिटाच्या बरोबरीला जाते, म्हणजे नुसता वार बदलून एका माणसाचा पार्कवरचा जवळजवळ निम्मा खर्च वाचू शकतो.

पूर्वेकडे जायचेच असेल, तर कमी पैशांत मलेशिया सिंगापूरपेक्षा उजवा ठरतो. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची असते, म्हणून निघण्यापूर्वी ती चालू आहे याची खात्री करावी आणि आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावा. सिंगापूरसाठी व्हिसा लागतो, तो बहुधा अधिकृत एजंटमार्फतच काढावा लागतो आणि प्रत्येक माणसामागे त्याचे तीस सिंगापूर डॉलर, वर एजंटचे शुल्क. चौघांच्या कुटुंबात ही रक्कम छोटी नाही. क्वालालंपूरच्या जवळच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे मीटरवर, गेंटिंग आहे. तिथला स्कायवर्ल्ड्स पार्क फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडला. शहरातून बस आणि पुढे रोपवे अशी साधी वाट आहे आणि वर थंड हवा आहे, जी मे महिन्यात नागपूर सोडून आलेल्या माणसाला वेगळी सांगायला नको. सिंगापूरचा पार्क अधिक नामांकित आहे, हे मान्य. पण चार दिवसांच्या सहलीत नावापेक्षा निवांत दिवस मोलाचा.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. इतके पैसे घालून, इतक्या लांब जायचे आणि एकच शहर पाहून परतायचे? पुन्हा कधी जाणे होईल कुणास ठाऊक, मग तीन देश का पाहू नयेत? ज्या घराने आयुष्यात एकदाच परदेश पाहायचा ठरवला आहे, त्याची ही भावना मी हलकी मानत नाही. पण तासांचा हिशेब करून पाहावा. सिंगापूर ते क्वालालंपूर विमानाचा प्रवास जेमतेम तासाभराचा. तरी हॉटेल सोडणे, दोन-तीन तास आधी विमानतळावर पोहोचणे, दोन्हीकडची पासपोर्टची रांग, सामान, नवे हॉटेल आणि तिथे दुपारनंतरच मिळणारी खोली हे सगळे धरले, तर दिवस जातो. तीन देशांत असे दोन दिवस जातात, जाण्यायेण्याचे दोन वेगळे. सहा दिवसांतले उरतात दोन. त्यातही गटाच्या वेळापत्रकाने पार्कमध्ये दुपारी पोहोचायचे आणि संध्याकाळी बसकडे पळायचे. मूल ज्या गोष्टीसाठी वर्षभर दिवस मोजत होते, तिला मिळतात चार-पाच तास आणि त्यातले निम्मे रांगेत. एकूण खर्चाला पार्कमधल्या तासांनी भागून पाहिले, तर चार दिवसांची, एका शहराची, दोन पूर्ण पार्क-दिवसांची सहल तीन देशांच्या पॅकेजपेक्षा किती तरी स्वस्त ठरते. शिवाय एकाच हॉटेलात राहिल्याने थकवा वाचतो, आणि लहान मुलांच्या व आजी-आजोबांच्या बाबतीत थकवा हा खर्चच आहे: थकलेले कुटुंब टॅक्सी करते, जवळ दिसेल तिथे महाग खाते आणि तिकीट काढलेला खेळ सोडून खोलीवर परतते.

दुसरा आक्षेप असा, की ही सगळी उठाठेव स्वतः करण्यापेक्षा टूर कंपनी बरी. मराठी माणसाचा परदेश प्रवास संघटित टूरने सोपा केला, यात शंका नाही. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली केसरी टूर्स आणि वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये उभी केलेली वीणा वर्ल्ड यांनी इंग्रजीला बिचकणाऱ्या, शाकाहारी जेवणाची काळजी असणाऱ्या हजारो घरांना परदेश दाखवला. सत्तरीच्या आई-वडिलांना युरोप दाखवायचा असेल, तर मीही तोच मार्ग सुचवीन. पण एक शहर, एक पार्क, चार दिवस एवढ्या बेताला टूर मॅनेजर लागत नाही. शिवाय पैशांचा एक मुद्दा दुर्लक्षित राहतो. विमान आणि हॉटेल एकत्र विकणाऱ्या परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, घेतला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. तो जादा कर नव्हे, विवरणपत्र भरल्यावर तो देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढे पैसे अडकतात. बुकिंग ज्याच्या पॅनवर आहे तो विवरणपत्र भरतच नसेल, तर ते हातचे जाण्याची भीती. निवृत्त आजोबांच्या हौसेखातर त्यांच्या नावाने पॅकेज घेताना हे ध्यानात असावे.

मुलाचे वय हा प्रश्नही मला पैशांचाच वाटतो. मोठ्या खेळांना किमान उंचीची अट असते आणि ती दारावर मोजली जाते. युनिव्हर्सल सिंगापूरमध्ये ट्रान्सफॉर्मर्ससाठी १०२ सेंटिमीटर, बॅटलस्टार गॅलॅक्टिकासाठी १२५. उलट, मुलांच्या तिकिटाची सवलत तिथे बारा वर्षांपर्यंत आणि हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये अकरा वर्षांपर्यंतच मिळते. म्हणजे सगळे खेळ खुले आणि तिकीट मुलाचे, असा काळ साधारण आठ ते अकरा वर्षांचा. पाच वर्षांच्या मुलाला नेणारे आई-बाप त्याच्यासाठी तिकीट काढतात आणि खेळांच्या दारावरून परततात. दोन भावंडांत अंतर असेल तर धाकट्याच्या उंचीसाठी एखादे वर्ष थांबणे शहाणपणाचे. तोवर पासपोर्ट काढून ठेवावेत: प्रौढाचे १५०० रुपये, लहान मुलाचे १०००. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो आणि बहुतेक देशांना प्रवासाच्या दिवशी त्याची सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, म्हणून फार आधीही काढू नये.

किरकोळ खर्चात एकच गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी. परदेशी दुकानात कार्ड ओढल्यावर यंत्र विचारते, रुपयांत की तिथल्या चलनात. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून आपण तो निवडतो आणि त्या दुकानाच्या बँकेने लावलेला महाग दर गळ्यात पडतो. नेहमी तिथलेच चलन निवडावे आणि परदेशी व्यवहारावर कमी अधिभार लावणारे कार्ड आधी शोधून ठेवावे.

राहता राहिला मुळावरचा प्रश्न: परदेशीच का? खोपोलीला २०१३ पासून इमॅजिका आहे, हैदराबादला २०१६ पासून वंडरला आहे. वेगवान पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या एवढीच मुलांची ओढ असेल, तर याचे उत्तर सरळ आहे: परदेशी जाऊ नये, वंडरलाला जावे, एका रात्रीच्या मुक्कामात काम होते. परदेशातल्या सहलीत पार्कखेरीज एक शहर मिळते. आपल्याला न येणाऱ्या भाषेतल्या पाट्या वाचत मेट्रो बदलणे, वेगळ्या चलनात हिशेब करणे, पासपोर्ट हातात धरून स्वतःच्या रांगेत उभे राहणे, हे दहा वर्षांच्या मुलाला पाळण्याइतकेच नवे असते. ते हवे असेल तरच हा खर्च करावा. आणि निर्णय होत नसेल तर आधीच्या वर्षी हैदराबादची सहल करून पाहावी. दिवसभर रांगेत उभे राहणे मुलाला जमते का, उंच पाळण्याची त्याला भीती वाटते की ओढ, आजी दुपारनंतर दमते का, हे सगळे तिथे कळते, आणि पुढच्या वर्षी शमशाबादहून निघायचे झाले तर सिकंदराबादपर्यंतची वाटही पाहिलेली असते.