मेक्सिकोत उतरायचे कुठे? अंगणाच्या हॉटेलांविषयी

मेक्सिकोतल्या एखाद्या जुन्या हॉटेलात तिथल्या माणसाचे बोलणे नुसते कान देऊन ऐकावे. रस्त्यावरून आत जाणाऱ्या झाकलेल्या वाटेला तो ‘सागुआन’ म्हणतो, गच्चीला ‘असोतेआ’, पोहण्याच्या हौदाला ‘अल्बेर्का’, भिंतीवरच्या रंगीत फरशीला ‘असुलेहो’ आणि उशीला ‘आल्मोआदा’. हे सगळे शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आले आहेत. असोतेआत आपल्या ओळखीची ‘सतह’ आहे, अल्बेर्कात अरबी ‘बिरका’, म्हणजे तळे. उद्या हवा चांगली असू दे असे म्हणताना हाच माणूस ‘ओहाला’ म्हणेल. त्याच्या मुळाशी अल्लाहचेच नाव आहे, हे बहुतेक त्याला ठाऊकही नसते.

शब्दांबरोबर घराची रचनाही आली. अंदलुसमध्ये जवळजवळ आठशे वर्षे मुस्लिम राजवटी होत्या. १४९२ मध्ये ग्रॅनाडा पडले आणि पुढच्या पन्नास वर्षांत स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत आपली शहरे वसवली. युकातानमधले मेरिदा हे शहर १५४२ चे. बाहेरून साधी भिंत आणि जाड लाकडी दार, आत मोकळे अंगण, अंगणात कारंजे किंवा विहीर, चारही बाजूंना ओसरी आणि ओसरीवर उघडणाऱ्या खोल्या. आपल्याकडच्या वाड्याचा चौक ज्याने पाहिला आहे त्याला हे घर परके वाटणार नाही. अशीच शेकडो घरे आज तिथे लहान हॉटेले झाली आहेत. दहा-पंधरा खोल्या, मालक बहुतेक घरचाच आणि भाडे किनाऱ्यावरच्या मोठ्या रिसॉर्टच्या मानाने बरेच कमी. कुटुंबासाठी मेक्सिकोत यापेक्षा चांगली जागा नाही, असे माझे मत आहे. मात्र निवडताना डोळे उघडे हवेत.

भारतातून थेट मेक्सिकोला सुट्टीसाठी जाणारी मराठी कुटुंबे विरळाच. पण मुलगी ह्यूस्टनला किंवा मुलगा डॅलसला नोकरीत, अम्मी-अब्बा काही महिन्यांसाठी तिकडे गेलेले, नातवंडांना आठवड्याची सुट्टी, अशी घरे आता पुष्कळ आहेत. ह्यूस्टनहून कानकूनचे विमान दोन-अडीच तासांत पोहोचते. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. परत अमेरिकेत शिरायचे असल्याने तो व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे आधी बघून घ्यावे. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीची सूचना वाचलेली बरी.

कानकूनला उतरले की पहिला मोह ‘सगळे समाविष्ट’ असलेल्या रिसॉर्टचा. मनगटाला पट्टी बांधली की खाणेपिणे फुकट, अशी जाहिरात. आपल्या कुटुंबाने इथे जरा हिशेब करावा. त्या भाड्यातला मोठा भाग बारमधल्या दारूचा आणि मांसाहारी बुफेचा असतो. दारू आपण पिणार नाही, मांसाच्या बहुतेक भांड्यांना हात लावणार नाही. म्हणजे फळे, अंडी आणि पाव खाऊन शेजारच्या टेबलावरच्या दारूचे पैसे भरायचे. यांतली काही रिसॉर्टे फक्त प्रौढांसाठी असतात, तिथे मुलांना प्रवेशच नसतो.

त्यापेक्षा कानकूनहून बस धरावी. आदेओ कंपनीच्या वातानुकूलित गाड्या सुमारे चार तासांत मेरिदाच्या मध्यभागी आणून सोडतात. वाटेत वायादोलिद लागते. ते लहान गाव आहे आणि चिचेन इत्सा तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर. बातम्यांमुळे मेक्सिकोचे नाव काढले की घरातली मोठी माणसे घाबरतात. देशाच्या काही भागांबाबत ती भीती खरीही आहे. पण युकातान राज्य तिथल्या शांत राज्यांत गणले जाते. मेरिदाच्या मुख्य चौकात संध्याकाळी आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळी कुटुंबे बाकांवर बसलेली असतात.

मेरिदात पत्ता समजणे सोपे आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. ‘साठ नंबरचा रस्ता, त्रेपन्न आणि पंचावन्नच्या मध्ये’ असा पत्ता असतो. मोठा चौक साठ, एकसष्ट, बासष्ट आणि त्रेसष्ट या रस्त्यांच्या मध्ये येतो. तेव्हा हॉटेलच्या पत्त्यावरूनच चौक किती दूर ते मोजता येते. पाच-सहा गल्ल्यांच्या आत असेल तर वयस्क माणसांनाही पायी जमते. दोलोरेस आल्बा हे इथले जुन्या नावाचे मध्यम दराचे हॉटेल. जुने घर आणि पुढे वाढवलेला भाग असे त्याचे रूप आहे, आणि पोहण्याचा हौदही आहे. वाहाकात लास गोलोंद्रिनास आहे. या नावाचा अर्थ पाकोळ्या. बागेच्या अंगणांभोवती बैठ्या खोल्या, जिने चढायला नकोत. ही दोन नावे नमुन्यादाखल देत आहे. तुमच्या तारखांना दर काय आहे आणि खोली कशी आहे ते तुम्हीच विचारायचे.

पाट्यांवरचे शब्द मात्र समजून घ्यायला हवेत. ‘पोसादा’ म्हणजे लहान, घरगुती मुक्कामाची जागा. ‘कासा दे उएस्पेदेस’ म्हणजे पाहुणे उतरवणारे घर. स्वस्त, कधी न्हाणीघर सामायिक. आणि ‘मोटेल’ किंवा ‘ऑटो हॉटेल’ असे दिसले तर पुढे चला. अमेरिकेत मोटेल म्हणजे हमरस्त्यावरचा साधा मुक्काम, म्हणून तिकडे राहणारी मंडळी बेसावध असतात. मेक्सिकोत हा शब्द बहुधा तासावर भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांसाठी वापरतात. गाडी आत घेतली की मागून पडदा ओढला जातो. ठिकाण स्वच्छ असेल, दरही कमी दिसेल, पण मुलाबाळांना घेऊन जाण्याची ती जागा नव्हे.

भाड्याचा आकडा पाहताना दोन गोष्टी. पेसोची खूण आणि डॉलरची खूण एकच आहे. आकड्यापुढे ‘एमएक्सएन’ लिहिले असेल तर ते पेसो. दुसरी गोष्ट कराची. मूल्यवर्धित कर १६ टक्के, शिवाय मुक्कामावर राज्याचा वेगळा कर, साधारण तीन ते सहा टक्के. समजा खोली १,२०० पेसो सांगितली आणि वर एकूण २१ टक्के कर आला, तर हातात १,४५२ चे बिल पडेल. पाच रात्रींत हा फरक एका रात्रीच्या भाड्याहून जास्त होतो. म्हणून ‘इम्पुएस्तोस इन्क्लुइदोस?’, म्हणजे कर धरून का, हे सुरुवातीलाच विचारावे. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘डॉलरमध्ये की पेसोत’ असे विचारेल, तेव्हा पेसो म्हणावे. डॉलर म्हटले तर दुकानाच्या यंत्राचा दर लागतो आणि तो क्वचितच आपल्या फायद्याचा असतो.

खोलीबद्दल विचारण्यासारखे बरेच आहे. ‘दोब्ले’ म्हणजे दोघांचे भाडे; तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे पडतात. ‘कामा मात्रिमोनियाल’ म्हणजे एक डबल पलंग. चौघांच्या कुटुंबाला असे दोन पलंग असलेली खोली मागावी, ती सहज मिळते. युकातानात भिंतीत झोपाळ्याचे मजबूत हूक बसवलेले असतात. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या जाळीच्या झोळीत झोपत आले आहेत, आणि मुलांना एकदा ती झोळी मिळाली की पलंगाचे नाव कोणी काढत नाही. जुन्या घरांत लिफ्ट नसते, आणि अम्मींचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावरची खोली ठरवूनच घ्यावी. काही खोल्यांना बाहेर खिडकी नसते, उजेड आणि वारा अंगणाच्या दारातूनच येतो. एप्रिल-मेमध्ये मेरिदाचा पारा चाळिशीला टेकतो. ‘वेंतिलादोर’ म्हणजे नुसता पंखा, वातानुकूलनाला तिथे ‘क्लिमा’ही म्हणतात. तेव्हा स्वस्त दर पंख्याच्या खोलीचा तर नाही ना, हे बघा. उलट चियापासमधले सान क्रिस्तोबाल सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, तिथे रात्री कुडकुडायला होते आणि लहान हॉटेलांत खोली उबदार ठेवण्याची सोय नसते. जादा ब्लँकेटे मागून घ्यावीत. त्याच सान क्रिस्तोबालच्या परिसरात त्सोत्सिल माया लोकांमध्ये मुस्लिमांची छोटी वस्ती आहे. १९९० च्या दशकात तिथल्या काही कुटुंबांनी इस्लाम स्वीकारला. तिकडे गेलात तर जुम्याची नमाज कुठे होते ते विचारावे.

नमाजचे म्हणाल तर मेक्सिकोत किब्ला साधारण ईशान्येला येतो. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्यांना ते पहिले दोन दिवस चुकल्यासारखे वाटते. मुसल्ला अंथरण्याइतकी जागा खोलीत नसेल तर गच्ची असतेच, फक्त त्या असोतेआवर संध्याकाळी बार तर उघडत नाही ना, हे आधी कळायला हवे. वाहाकाच्या बाबतीत हा प्रश्न जरूर विचारावा, कारण तो मेस्कालचा प्रांत. काही हॉटेलांत खाली मेस्कालची दुकाने आणि वर गच्चीवर गाणी, आणि खोलीत पोरे जागी. न्हाणीघरात हातातला फवारा मिळत नाही, लोटा किंवा प्लास्टिकची बाटली सामानात टाकावी. कमोडात कागद टाकू नये अशी पाटी दिसली तर ती पाळावी, जुन्या इमारतींचे नळ बारीक असतात. नळावरचा ‘सी’ हा इंग्रजी थंडाचा नव्हे, ‘कालिएन्ते’चा, म्हणजे गरम पाण्याचा. मुलांना हे आधी सांगून ठेवा. नळाचे पाणी पिऊ नये. हॉटेलात वीस लिटरचा ‘गाराफोन’ भरलेला असतो, त्यातून बाटल्या भरू देतात का ते विचारा. कुटुंबाला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते, विकतच्या बाटल्यांचा खर्च वाचेल.

सगळ्यात जपायचे ते जेवणात. आपल्या दृष्टीने मेक्सिकोतली खरी अडचण डोळ्यांना दिसणारे डुकराचे मांस नाही. ते टाळता येते: ‘कोचिनिता पिबिल’ नको, ‘ताकोस आल पास्तोर’ नको. गंमत अशी की हा पास्तोर लेबनानहून आलेल्या शवर्म्याचाच वंशज आहे, वाटेत मांस तेवढे बदलले. अडचण आहे ती ‘मान्तेका’ची, म्हणजे डुकराच्या चरबीची. घोटलेल्या घेवड्यात ती असते, तामालेसच्या पिठात असते, वाहाकाच्या मोठ्या कुरकुरीत त्लायुदावर तर तिचा थर लावतात. ‘कार्ने नको’ म्हटल्याने हे टळत नाही. ‘सिन मान्तेका’, चरबीशिवाय, असे स्पष्ट म्हणावे लागते. मक्याची तोर्तिया मात्र मका, चुना आणि पाणी यांचीच असते, तिच्यावर निर्धास्त राहता येते. गव्हाच्या तोर्तियात पुष्कळदा चरबी पडते. मासे मेरिदात उत्तम मिळतात. ‘पापाद्सुलेस’ नावाचा युकातानी पदार्थ आहे, उकडलेली अंडी तोर्तियात गुंडाळून वर भोपळ्याच्या बियांचे हिरवे वाटण. तो आपल्या मंडळींना नक्की आवडेल.

या कारणासाठी ‘कोसिनेता’, म्हणजे खोलीत लहानसे स्वयंपाकघर असेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी मी ती खोली घेईन. मेरिदाच्या मंडईत तांदूळ, टोमॅटो, कांदे, लिंबे, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, ताजे मासे सगळे मिळते. हळद-मसाल्याची पुडी घरून नेली की आमटी-भात आणि तळलेले मासे खोलीतच होतात. अब्बा तिसऱ्या दिवशी तेच मागतील. ‘नाश्ता समाविष्ट’ असेल तर तो गोड पाव आणि कॉफीचा आहे की गरम अंड्यांचा, हेही विचारावे. पुष्कळदा तो पहिल्या प्रकारचा असतो.

तारखा निवडताना नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरचा आठवडा टाळावा. तेव्हा अख्खा मेक्सिको सुट्टीवर निघतो आणि दर चढतात. वाहाकात जुलैमधला गेलागेत्साचा उत्सव आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतला मृतांचा सण या काळात खोली मिळणेच अवघड. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, त्यातही पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. दर आणि हवा दोन्ही सांभाळायचे तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी बरे.

बुकिंग करण्यापूर्वी हॉटेलला सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावे. मेक्सिकोत लहान हॉटेलवाले त्यावरच व्यवहार करतात, भाषांतराच्या ॲपने केलेली मोडकी स्पॅनिशही त्यांना चालते. थेट ठरवले तर कधी दरही थोडा उतरतो. लिहिताना एवढे विचारावे: चौघांसाठी दोन पलंगांची तळमजल्यावरची खोली आहे का, तिचा छोटा व्हिडिओ पाठवाल का, कर धरून पाच रात्रींचे किती, हॉटेलात बार आहे का, नाश्त्याची अंडी तेलात करून द्याल का, आणि आम्ही रात्री अकराच्या बसने आलो तर दार उघडायला कोणी असेल का. शेवटचा प्रश्न गाळू नका. रात्री ते जाड लाकडी दार बंद होते, आणि घंटा कुठे आहे हे माहीत नसेल तर सामान आणि झोपाळलेली मुले घेऊन रस्त्यावर उभे राहावे लागते.