पान्याने उघडणारी गाडी

जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. बाकी सगळे नट ज्या दिशेने सैल होतात, त्या दिशेने हे आणखी आवळले जातात. ज्याला ठाऊक नाही तो पान्याला पाइप लावतो, पाइपवर उभा राहतो, आणि कडाड् आवाज होऊन तुटलेला स्टड नटासकट खाली पडतो. स्टडच्या टोकावर बारीक ‘एल’ उठवलेला असतो, पण तो दिसायला आधी त्यावरचा चिखल आणि रंग खरवडावा लागतो. चाक फिरता फिरता नट आपोआप सुटू नये, म्हणून केलेली ही सोय. जीप घरी उघडायला घेतली की पहिल्याच सकाळी कळतं, या गाडीत हातापेक्षा डोळा आधी चालवायचा.

महाराष्ट्रात अशा जीपा अजून पुष्कळ आहेत. साखर कारखान्याच्या आवारात, सरकारी कचेरीच्या मागे लिलावाची वाट बघत, गावाकडे गोठ्याशेजारी कडब्याखाली. एकेकाळी तहसीलदारापासून निवडणुकीच्या भोंग्यापर्यंत सगळ्यांना हीच गाडी पुरायची. हल्ली हौशी लोक त्या शोधून काढतात आणि विचारतात, घरी होईल का? होईल. कारण ती तशीच बनवली आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने शंभराहून अधिक कंपन्यांकडे चारही चाकांना ओढ असलेली हलकी गाडी मागितली. पहिल्या नमुन्याला मुदत ४९ दिवसांची. बॅण्टम या लहानशा, अडचणीत आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून घाईघाईने आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला असताना, गाडी होलाबर्डच्या छावणीत पोचवली. पुढे मोठं काम विलीज आणि फोर्डकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. विलीजचा जोर इंजिनात होता. बार्नी रूस या त्यांच्या मुख्य अभियंत्याने एका साध्या चार सिलिंडरच्या इंजिनातून ६० अश्वशक्ती काढून दाखवली होती. खंदकाशेजारी, पावसात, मोजक्या हत्यारांनी शिपायाला दुरुस्त करता येईल अशी ही गाडी. तिला अंगणात दुरुस्त करणं अवघड जाऊ नये.

आपल्याकडे ती आली तीही माणसांच्या ओळखीतूनच. के. सी. महिंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा मंडळाचं काम बघत होते, आणि तिथेच त्यांची बार्नी रूसशी ओळख झाली. १९४५ मध्ये लुधियान्यात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवरचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून जीपा तयार होऊ लागल्या. मग आली सीजे-३बी. तिच्या नव्या ‘एफ-हेड’ इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर होत्या, एग्झॉस्टच्या खाली ब्लॉकमध्येच राहिल्या. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. या उंच कपाळामुळे अमेरिकी शौकिनांत तिला सुंदर कुणी म्हणत नाही. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र तोच सांगाडा आणि तोच चेहरा, इंजिनं बदलत, पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. कुर्ल्याच्या गल्लीत आजही बेअरिंग, क्रॉस, ऑइल सील सहज मिळतात ते या दीर्घायुष्यामुळे.

कुणी ‘महायुद्धातली ओरिजिनल’ म्हणून जीप दाखवली तर पुढच्या जाळीच्या फटी मोजा. लष्करी जीपला नऊ, नागरी जीपला सात. त्यातूनही बॉनेट उंच असेल तर ती सीजे-३बी. तिच्यावर युद्धाचा भाव देण्याचं कारण नाही.

गाडी घेण्याआधी कागद बघावेत, हे सगळेच सांगतात आणि फार थोडे करतात. चेसिसवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून स्वतः वाचायचा, आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडायचा. इंजिन पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवलेलं असेल, आणि दहांपैकी बऱ्याच गाड्यांत असतं, तर त्याची नोंद पुस्तकात हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. हरियाणात डबवालीला नवीकोरी दिसणारी जीप तयार करून मिळते. पत्रा चकचकीत असतो, पण नंबर आणि कागद जुळतात का, हे बघायचं काम शेवटी घेणाऱ्याचंच.

आता कामाचा क्रम. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. फोटोत रंगच दिसतो ना! माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी थांबणं, मग वळणं, मग चालणं, आणि सगळ्यात शेवटी दिसणं. पूर्ण गाडी चेसिसपर्यंत सोडवण्याचा मोहही आवरावा. आपल्याकडच्या कितीतरी जीपा पोत्यांत भरलेल्या सुट्या भागांच्या रूपात राहिल्या आहेत, कारण मालकाने उत्साहाच्या भरात सगळं एकदम उघडलं. एका वेळी एक जोडकाम उघडा, फोटो काढा, नट-बोल्ट त्याच भोकात सैल लावून ठेवा.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढून काही उपयोग नाही. म्हणून चाकांना दगड-ओंडके आधी, पाना नंतर. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड हवेतच.

पायाचा ब्रेक एकाच सर्किटचा. एक मास्टर सिलिंडर चारही चाकांना तेल देतो, त्यामुळे एक नळी फुटली की चारही चाकं गेली. हा मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली बसवलेला असल्याने झाकण उघडताना वरची माती नेमकी आत पडते. सगळी रबरं नवी, सगळ्या नळ्या नव्या, यात काटकसर नको. मूळपणाचा आग्रह मी इथे सोडून देईन आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवीन. मागचे ड्रम काढताना मात्र धीर धरावा लागतो. जुन्या मागच्या धुऱ्याचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर चावी घालून घट्ट ठोकलेला. मोठा नट सोडून दणकट पुलर लावायचा, ताण देऊन ठेवायचा, वाटल्यास रात्रभर. शाफ्टच्या टोकावर घण घातला की तो मार आत डिफरन्शिअलपर्यंत जातो. गॅरेजचे जुने मिस्त्री म्हणतात, “दादा, ठोकू नका, तापवा.” ड्रममधली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडावर मास्क ठेवा.

सगळ्यात रंगतदार भाग पुढच्या धुऱ्याचा. पुढची चाकं वळायलाही हवीत आणि फिरायलाही हवीत, म्हणून टोकाला लोखंडी गोळा, त्याच्यावर बसलेला नकल, वर-खाली किंगपिन आणि त्यांची शंकूच्या आकाराची बेअरिंगं. आत ग्रीस, बाहेर नमद्याचं सील. हे सील गेलं की ग्रीस बाहेर, पाणी आत, आणि बेअरिंगला गंजाच्या खळग्या. मग ताशी पन्नासच्या आसपास एखाद्या खड्ड्यानंतर स्टेअरिंग असं थरथरायला लागतं की हात सुटावेत. लोक टायर बदलतात, बॅलन्सिंग करतात, डँपर लावतात. मूळ दोष बहुतेक वेळा किंगपिनमध्ये किंवा सैल टाय-रॉडच्या टोकांत असतो. बेअरिंग बदलल्यावर वरच्या-खालच्या टोप्यांखाली पातळ पत्र्याच्या शिम घालून ताण जुळवायचा. तो नजरेने कळत नाही. सील न लावता, टाय-रॉड सोडून, नकलच्या दांड्याला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवायचा आणि हळूहळू ओढायचं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ओढीला नकल सावकाश फिरला पाहिजे. फार सहज फिरला तर एखादी शिम काढा, जड गेला तर वाढवा. दोन्ही बाजू अशा जुळवायला एक अख्खा रविवार जातो, आणि तो सत्कारणी लागतो. शेवटी दोन्ही पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत घेतली, अगदी दोनेक मिलिमीटर, की गाडी सरळ धावते.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून असतात. मधलं सील झिजलं की एकातलं तेल दुसऱ्यात झिरपतं: गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि ट्रान्सफर केस तुडुंब भरून बाहेर गळायला लागतो. तेल फक्त एकाच ठिकाणी तपासणारा इथे हमखास फसतो. ट्रान्सफर केसमधल्या इंटरमीजिएट शाफ्टचा व्यास वेगवेगळ्या काळात बदलत गेला. त्यामुळे आधी शाफ्ट काढून मोजा आणि मग किट आणायला बाजारात जा. तीन गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये जरा रेस देऊन. नव्या पिढीने हे शिकून घ्यावं, मजा येते.

इंजिनाचं अर्धं काम घरी होतं, अर्धं लेथवाल्याकडे. हेड काढणं, व्हॉल्व्ह घासून बसवणं, टॅपेट जुळवणं घरचं. एफ-हेडला थंड इंजिनावर इनटेकला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एग्झॉस्टला १६ थाऊ फट ठेवायची, फायरिंग १-३-४-२. बोअर झिजला असेल तर रिबोअर, ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक घासणं ही कामं मापं घेऊन देणाऱ्या जाणत्या कारागिरालाच द्यावीत. आधी पिस्टन विकत घ्या आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करून घ्या. महिंद्रच्या ‘एमएम ५४०’मधलं प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असेल तर पंप आणि नोझल घरी उघडू नका, त्याचं कॅलिब्रेशन बेंचवरच होतं.

पेट्रोलवाल्यांपुढे आता एक नवी अडचण आहे, आणि तिची मुळं आपल्याच उसाच्या फडात आहेत. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या पॅकिंगा, साध्या रबरी नळ्या त्याने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. सीजे-३बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, तीही पत्र्याची, मग आतून गंज. टाकी काढून साफ करणं, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणं आणि कार्बोरेटरचं मिश्रण थोडं घट्ट करणं एवढं केलं की प्रश्न बराचसा मिटतो.

पत्र्याबद्दल थोडक्यात. गंज वरून दिसतो तेवढाच कधी नसतो. पायाखालच्या पत्र्याला खालून आधार देणारे चॅनल माती धरून ठेवतात आणि आतून सडतात. कोकणातल्या गाडीत ते आधी उघडून बघावेत. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. त्यावर लांबी थापून वरून रंग मारणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. वाळूचा मारा करायचा असेल तर तो कारखान्यात, योग्य मास्क घातलेल्या माणसाकडून. कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसं कायमची खाते, आणि पातळ पत्रा वाकतो तो वेगळाच. घरी तारेचा ब्रश, गंज मारणारं फॉस्फॉरिक ॲसिडचं द्रावण आणि चांगला इपॉक्सी प्रायमर पुरेसा.

आणि रंग लष्करी हिरवा देऊ नका, कितीही आवडला तरी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना राखून ठेवला आहे. रस्त्यावर तशा कितीतरी जीपा दिसतात, हे खरं. फिटनेस तपासणीच्या दिवशी मात्र ते कारण चालत नाही.

२०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मी तो नंबर घेणार नाही. साधी नोंदणी ठेवावी, १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करावी, पर्यावरण कर भरावा, कटकट सोसावी. शुल्कं बरीच वाढली आहेत, तरीही. उभ्या जीपची सीलं सुकतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टाकी गंजते. फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र टाकू नये. मध्ये डिफरन्शिअल नसल्याने वळणावर पुढच्या-मागच्या धुऱ्यांत पीळ बसतो आणि दांडा अडकतो. त्याची जागा ओली माती. पावसाळ्यात शेताच्या चाकोरीत आधी पुढच्या धुऱ्याचा दांडा टाका, मग गाडी उभी करून लो रेंजचा. दोन पोती मागे टाकून बांधापर्यंत जाऊन या. परत आल्यावर नकलवरचा गोळा पुसून ठेवा.