उंदराचे म्हातारपण आणि माणसाची स्मृती

कोल्हापूर - नुकतेच जेवून उठलेले आजोबा पुन्हा ताट मागतात, तेव्हा घरच्यांना तो हट्ट वाटतो. ती स्मृतिभ्रंशाची सुरवातही असू शकते. या विकाराचे मूळ शोधायचे, तर मेंदू म्हातारा होताना पाहावा लागतो. माणसाच्या बाबतीत त्यासाठी सत्तर वर्षे थांबावे लागेल. उंदराचे आयुष्य मात्र दोन-अडीच वर्षांचेच असते.

येथील शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात याहूनही जवळची वाट वापरली गेली. तरुण उंदरांना डी-गॅलॅक्टोज या शर्करेची इंजेक्शने अनेक दिवस दिली जातात. दुधातील साखरेचाच हा घटक. पण त्याचा अतिरेक झाला, की पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची संयुगे वाढतात, प्रथिनांना साखर चिकटते आणि लायपोफ्युसिन हे पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य साठू लागते. वृद्ध पेशींची ती खूणच. ब्राह्मी दिल्यास हा साठा रोखला जातो का, हे येथील संशोधकांनी अशा उंदरांमध्ये तपासले. त्यातील एक अभ्यास मेंदूवर नव्हे, तर पुरःस्थ ग्रंथीवर होता! म्हातारपण एकट्या मेंदूला येत नाही, हेही खरेच.

अर्थात, शर्करेने आणलेले वार्धक्य ही नक्कल आहे. उंदराला अल्झायमर आपोआप होत नाही. या रोगात मेंदूत साचणारे बीटा ॲमिलॉइड हे प्रथिन उंदरात तीन अमिनो आम्लांनी वेगळे असते आणि माणसासारखे थर धरत नाही. म्हणून माणसाचे सदोष जनुक घातलेले उंदीर तयार करण्यात आले. १९९५ मध्ये अशा उंदरांच्या मेंदूत ते थर दिसले. १९९९ मध्ये एका लशीने हे थर हटविले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. माणसांवरील चाचणी मात्र २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण सुमारे सहा टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आली. उंदरांमध्ये हा धोका दिसला नव्हता. तेव्हा उंदरांवरील निष्कर्ष वाचून आजोबांना ब्राह्मीच्या गोळ्या सुरू करणे घाईचेच ठरेल.

तरीही तो धागा तुटला नाही. त्याच विचारातून पुढे आलेल्या लेकानेमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने रोग बरा होत नाही, ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतो; आणि मेंदूला सूज येते का, हे पाहण्यासाठी रुग्णाचे एमआरआय पुन्हा पुन्हा करावे लागते.