आमलकीचे अरबी नाव : वेष्टनावरील भाषांतराचा विचार

च्यवनप्राश, त्रिफळा चूर्ण यांसारखी उत्पादने आखाती देशांत पाठविणाऱ्या निर्मात्यांना वेष्टनावर घटकद्रव्यांची नावे अरबीतही छापावी लागतात. इंग्रजी यादी भाषांतरकाराच्या हाती दिली की काम उरकले, असा पुष्कळांचा समज असतो. दोष शिरतो तो येथेच, असे आमचे मत आहे.

आवळ्याचेच उदाहरण घेऊ. इंग्रजी यादीत तो ‘इंडियन गूजबेरी’ होतो. गूजबेरीसाठी इंग्रजी-अरबी कोशांत ‘इनब अल-सअलब’, म्हणजे ‘कोल्ह्याची द्राक्षे’, असा प्रतिशब्द आढळतो. परंतु युनानी वैद्यकात हे नाव काकमाचीचे आहे! प्रमुख रसायनद्रव्याच्या जागी ग्राहकास भलतीच वनस्पती दिसते.

वस्तुतः अरबीत आवळ्यास ‘अमलज’ हा शब्द शतकानुशतके रूढ आहे आणि त्याचे मूळ ‘आमलक’ हेच आहे. त्याचप्रमाणे हरीतकी ‘हलीलज’, बिभीतक ‘बलीलज’ आणि त्रिफळा ‘इत्रीफल’ झाली. बगदादमध्ये अब्बासी काळात सुश्रुतसंहितेचे भाषांतर झाले. इ. स. 850 च्या सुमारास अली इब्न रब्बन अल-तबरी याने ‘फिरदौस अल-हिक्मा’ या ग्रंथात भारतीय वैद्यकास स्वतंत्र विभाग दिला. म्हणजे ही नावे तेथे पूर्वीच पोहोचलेली आहेत. इंग्रजीच्या आडवाटेने जाऊन आपणच ती हरवतो.

दुसरे उदाहरण ‘ब्लॅक क्युमिन’चे. इंग्रजीत हे नाव शहाजिरे व कलौंजी या दोहोंस लावतात; अरबी ‘अल-हब्बा अस-सौदा’ मात्र कलौंजीच होय. तसेच कॅप्सूलमधील ‘जिलेटिन’ हा शब्द अरबी लिपीत उतरविला, तरी ते कोणत्या प्राण्यापासून मिळविले हे सांगितल्याखेरीज तेथील ग्राहकाचे समाधान होत नाही.

यास्तव आमची सूचना अशी : प्रत्येक द्रव्याचे संस्कृत नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव व उपयुक्तांग यांची यादी भाषांतरकारास द्यावी. ‘फायलँथस एम्ब्लिका’ म्हटल्यावर संदेह उरत नाही. तयार झालेला अरबी मजकूर, मूळ यादी न पाहिलेल्या जाणकाराकडून पुन्हा आपल्या भाषेत उतरवून घ्यावा आणि वैद्याने तो ताडून पाहावा. द्रव्याची ओळख पटविणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य. वेष्टनावरील नाव हा त्याच कर्तव्याचा भाग आहे.