माळ्यावरचे उदमांजर



चैत्र लागला, मोह गळू लागला आणि माणसे अंगणात किंवा गच्चीवर निजू लागली, की एक तक्रार हटकून कानी येते. रात्री दहाचा सुमार असतो. घरात निजानीज झालेली असते, आणि माळ्यावर धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज होतो. मग कोणी जड पावलांनी चालल्यासारखे वाटते. दोनचार कवेलू सरकतात आणि सारे शांत होते. पहाटे चारच्या सुमारास पुन्हा तोच खेळ. घरातली वडील माणसे म्हणतात, मांजर असेल. मुले म्हणतात, भूत असेल. शेजारी बॅटरी मारतो आणि त्या उजेडात दोन डोळे चमकतात. काळपट तोंड आणि अंगापेक्षा फार आखूड नसलेली काळी शेपटी दिसते. लगेच कोणीतरी ओरडते, ‘अरे, हा तर कबरबिज्जू!’ आणि काठ्या शोधायला धावाधाव सुरू होते.

या प्राण्याला मराठीत उदमांजर म्हणतात. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात, कित्येक ठिकाणी मसण्याऊद म्हणतात, आणि आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे बिज्जू हे नावही रुळले आहे. नुसता ‘ऊद’ शब्द घेतला तर घोटाळाच व्हायचा. कारण देवापुढे जाळावयाच्या सुगंधी रेझिनालाही ऊद म्हणतात आणि नदीतल्या पाणमांजरालाही ऊदच म्हणतात. मांजर हे नावदेखील केवळ आकारावरून पडलेले आहे. उदमांजर हे मांजराच्या कुळातले नव्हेच. त्याचे कुळ वेगळे असून आपल्याकडील जवादी मांजर हे त्याचे सगोत्र आहे.

शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले नाव तर याहून गमतीचे आहे. पालास नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ साली या जातीचे वर्णन करून तिला ‘हर्मॅफ्रोडिटस’, म्हणजे उभयलिंगी, असे म्हटले. नर आणि मादी या दोघांच्याही शेपटीखाली गंधग्रंथी असतात आणि त्या वृषणांसारख्या दिसतात. त्यावरून हा गैरसमज झाला. पुढे तो दूर झाला, पण शास्त्रीय नामकरणाचा नियम असा की आधी दिलेले नाव कायम राहते. तेव्हा बिचाऱ्याच्या माथी तो शिक्का आजतागायत आहे. आपल्या लोकांनी ‘मसण्या’ म्हणून बदनाम केले आणि पंडितांनी ‘उभयलिंगी’ म्हणून!

आता त्याला ओळखावे कसे? वजन दोन ते पाच किलो, अंग सुमारे हातभर लांब, आणि शेपटीही जवळपास तेवढीच. रंग करडा-काळसर, पाठीवर अस्पष्ट काळ्या रेघा, आणि डोळ्यांभोवती फिकट डाग असल्यामुळे तोंडावर मुखवटा घातल्यासारखा भास होतो. शेपटी एकरंगी काळी असते. शेपटीवर कडी दिसली तर तो प्राणी जवादी मांजर समजावा. ते बहुधा जमिनीवर वावरते, छपराच्या वाटेला सहसा जात नाही. दिवसाढवळ्या अंगणातून सरसर गेले ते मुंगूस. उदमांजर दिवसा क्वचितच दिसते. झाडाच्या ढोलीत, शेंड्यावरच्या वेलींच्या गुंत्यात, आणि तेही न मिळाले तर आपल्या माळ्यावर, ते दिवसभर झोप काढते. नेपाळातील चितवनच्या जंगलात रेडिओ-पट्टा बांधून त्याच्या हालचालींचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की लख्ख चांदण्या रात्री ते बाहेर कमी हिंडते. अंधाऱ्या पक्षात छपरावरची वर्दळ वाढल्यासारखी वाटली, तर त्यात अमावास्येच्या भुताचा काही संबंध नाही, हे यावरून समजून घ्यावे.

मसण्या हे नाव मात्र नीट तपासून पाहिले पाहिजे, कारण याच नावापायी त्याचा जीव जातो. समज असा आहे की हा प्राणी पुरलेली प्रेते उकरून खातो आणि लहान मुलांवर झडप घालतो. त्याचे पंजे पाहा. नखे वाकडी, तीक्ष्ण आणि अर्धवट आत ओढून घेता येणारी असतात. ती झाडावर चढण्यासाठी आहेत, माती उपसण्यासाठी नव्हेत. उकरण्यात पटाईत असा प्राणी निराळाच आहे. त्याला चांदीअस्वल म्हणतात. पाठ पांढुरकी, पोट काळे आणि पुढच्या पायांना लांब दणकट नखे. हिंदीत बिज्जू हे नाव या दोघांनाही दिले जाते, आणि एकाची कीर्ती दुसऱ्याला चिकटते. शिवाय गावोगावी स्मशान असते कुठे? गावाबाहेर, नदी-तलावाच्या काठी, जुन्या वड-पिंपळांच्या आणि चिंचेच्या छायेत, जिथे रात्री माणूस फिरकत नाही. फळांनी लगडलेली जुनी झाडे आणि निवांतपणा, एवढेच तर उदमांजराला हवे असते. तिथे ते दिसणारच! झडप घालण्याचे म्हणाल, तर कोंडीत सापडले असता ते फिसकारते, घाणेरडा दर्प सोडते आणि हातात धरू गेल्यास कडकडून चावते. मोकळी वाट असेल तर ते पळूनच जाते.

त्याचा आहार मुख्यत्वे फळांचा. उंबर, वड, पिंपळ, जांभूळ, बोर, आंबा, चिकू, पपई हे सारे त्याला चालते. शिंदीची फळे आवडतात, आणि शिंदीला मडके बांधलेले असेल तर त्यातला रसही ते पिते. म्हणूनच इंग्रजांनी त्याला ताडीमांजर असे नाव दिले. फळांच्या जोडीला उंदीर, घुशी, सरडे, किडे, पक्ष्यांची अंडी, आणि खुराडे उघडे राहिले तर कोंबडीचे पिलूही. कोंबडीचे नुकसान झालेला माणूस चिडतो, ते स्वाभाविक आहे. पण धानाच्या कोठीभोवती नाचणारे उंदीर याच प्राण्याने टिपलेले असतात आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

धानाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बंगालात या कुळातल्या प्राण्यांना गंधगोकुळ असे गोड नाव आहे, आणि त्यांच्या अंगाला पुलावाच्या सुवासिक तांदळाचा वास येतो असे तिकडचे लोक म्हणतात. आपल्या जिल्ह्यात चिन्नोर पिकतो. तेव्हा मध्यरात्री चूल विझलेली असताना अंगणात चिन्नोर शिजल्यासारखा घमघमाट आला, तर आपणही एकदा वर पाहावयास हरकत नाही.

मग हा प्राणी घरात का येतो? शहापूर हे आता धड खेडे राहिले नाही आणि पुरते शहरही झाले नाही. नागपूर-भंडारा हमरस्त्यावरचे हे गाव वाढत चालले आहे, घरांभोवती अजून धानाच्या बांध्या आणि जुनी झाडे आहेत, आणि त्यातली ढोलीची म्हातारी झाडे एकेक करून जात आहेत. ढोली गेली की माळा ही तिच्या जागी मिळालेली दुसरी ढोलीच. कवेलूंच्या घरात फटी असतातच. सिमेंटच्या घरातही आता शोभेचे खोटे छत करतात आणि वर हात-दीड हात अंधारी पोकळी ठेवतात. जागा आपणच करून दिलेली असते.

माणसाच्या वस्तीत वन्य प्राण्याने मुक्काम करावा, हे आपल्याकडेच घडते असे नव्हे. उत्तर अमेरिकेत रॅकून नावाचा मुखवट्याचाच एक प्राणी आहे. त्याचे पुढचे पंजे हातासारखे चालतात. कचऱ्याच्या डब्याची झाकणे तो सहज उघडतो, पोटमाळ्यावर पिले घालतो आणि तिकडच्या गृहिणींना जेरीस आणतो. १९३४ साली जर्मनीत एडरझे सरोवराकाठी त्याच्या दोन जोड्या सोडण्यात आल्या. आज त्या देशात रॅकून लाखोंच्या घरात आहेत आणि कासेल शहरातले लोक छपरे सांभाळता सांभाळता थकले आहेत. जपानात १९७७ साली एका रॅकूनच्या पिलावरची चित्रमालिका दूरदर्शनवर गाजली. हौशी लोकांनी शेकडो पिले विकत आणली, ती मोठी होऊन चावू लागल्यावर रानात सोडली, आणि आता ती शेतांची आणि जुन्या देवळांच्या लाकूडकामाची नासधूस करीत आहेत. उदमांजराची गोष्ट याच्या उलट आहे. ते बाहेरून आणलेले नाही. आपली घरे उठण्याआधीपासून ते इथेच आहे.

आता घरात शिरलेच तर काय करावे? पहिली गोष्ट अशी की तिरीमिरीत भोक बुजवू नये. माळ्यावर मुक्काम ठोकणारी बहुतेक वेळा पिलांची आई असते. तिला दोन ते पाच पिले होतात. आई रात्री चरावयास गेली असता वाट बंद केली, तर पिले आत उपाशी मरतात, घरभर दुर्गंधी सुटते, आणि आई छप्पर उचकटून काढते ते निराळेच. काही आठवडे कळ काढावी. पिले हिंडती-फिरती झाली की ती आईमागे बाहेर पडतात. तेवढीही सोय नसेल, तर माळ्यावर रात्रंदिवस एक दिवा जळत ठेवावा. अंधार गेला की आई बहुधा पिले तोंडात धरून दुसरीकडे हलवते. सर्व गेली की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. भोकाच्या तोंडाशी संध्याकाळी रांगोळी किंवा चुलीतली राख पातळ पसरावी. रात्री पावले बाहेर गेलेली उमटली आणि पुढचे दोनतीन दिवस आत येणारी उमटली नाहीत, तरच तारेची बारीक जाळी ठोकावी. छपरावर ओणवलेल्या फांद्या छाटाव्यात, कारण त्याच त्याच्या पायऱ्या. कोंबड्या तिन्हीसांजेला बंद कराव्यात, आणि कुत्र्याचे उरलेले अन्न रात्री बाहेर ठेवू नये.

छपरावरून पडलेले पिलू सापडले तर त्याला दूध पाजू नये आणि मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. टोपलीत फडके घालून, सापडले त्याच जागी, कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे आणि दूर व्हावे. जुन्नर भागात उसाच्या फडात सापडलेले बिबट्याचे बछडे याच रीतीने आईच्या स्वाधीन केले जातात. रात्री आई येते आणि उचलून नेते. सकाळपर्यंत ती आलीच नाही, किंवा प्राणी जखमी असला, तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. जखमी वन्य प्राण्यांसाठी नागपूरला सेमिनरी हिल्सवर उपचार केंद्र आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार उदमांजराला मारणे, पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे, हेही काठी उचलणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आणि चावलेच तर? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसाळण्याचा रोग कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो, म्हणून लस टाळू नये; येथे हळद-चुन्यावर भिस्त ठेवणे जिवावर बेतेल. २००३ च्या सार्सच्या साथीत चीनमधल्या बाजारांत उदमांजरांचे नाव पुढे आले होते, त्याचीही भीती कोणी कोणी घालतात. ती जात वेगळी, आणि तो विषाणू मुळात वटवाघळांतला होता. पिंजऱ्यात एकमेकांवर रचून ठेवलेल्या प्राण्यांच्या बाजारामुळे तो पसरला. माळ्यावर निजलेल्या प्राण्याला त्याचा दोष लावता येत नाही.

शेवटी भिंतीवरच्या त्या घाणीविषयी, कारण गृहिणींची खरी तक्रार तीच असते. उदमांजर ठरावीक उघड्या जागी, कुंपणाच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर, विष्ठा टाकते. ती निरखून पाहिली तर निम्मीअधिक नुसत्या बियांचीच असते, आणि त्या बिया जशाच्या तशा असतात, कारण ते फळ चावत बसत नाही, गिळते. इंडोनेशियात याच सवयीतून कॉफीच्या बिया वेचून जगातल्या अतिशय महाग कॉफींपैकी एक विकतात, आणि त्यापायी प्राण्यांना पिंजऱ्यांत डांबून ठेवतात. त्या चैनीशी आपल्याला कर्तव्य नाही. पण जांभळाची एवढी मोठी बी लहानसहान पाखराच्या पोटातून जात नाही, ती उदमांजराच्या पोटातून जाते आणि झाडापासून दूर जाऊन पडते. हातमोजा घालून ती घाण फावड्याने उचलावी आणि परसाच्या कोपऱ्यात मातीखाली टाकावी. पावसाळा लागला की तिथे जांभळाची किंवा बोराची रोपे उगवलेली दिसतील.