झोपडी आपली, पण हक्क कोणता?

पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी नाल्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर पत्र्याचे घर उभे केले. त्याला आपण 'स्वतःचे घर' म्हणतो. परंतु खालची जमीन सरकारची, महापालिकेची किंवा खाजगी मालकाची असते. मग आपल्या हाती नेमके काय आहे, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

मालकी आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७६ साली शासनाने मुंबईतील झोपड्यांची गणना करून फोटोपास दिले. फोटोपास म्हणजे सातबारा नव्हे. अमुक कुटुंब या जागी राहते, एवढेच तो सांगतो. पण एवढेच किती मोलाचे असते पाहा. १९८१ साली पदपथावरील झोपड्या हटविण्याचे ठरले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस व काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. मात्र पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मान्य केला नाही. पर्यायी जागा द्यावी असे सांगितले, ते १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रधारकांना. निवारा आणि रस्ता यांत अंतर होते एका कागदाचे!

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. तेव्हा १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीधारकास मोफत घर देण्याचे ठरले. पुढे ही तारीख १ जानेवारी २००० झाली. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना घर मिळते, पण सशुल्क. घराचे क्षेत्रफळ पूर्वी २२५ चौरस फूट होते, आता ३०० आहे. परंतु पात्र कोण, अपात्र कोण, हे 'परिशिष्ट-२' या यादीवरून ठरते आणि ती यादी पुराव्यांवर उभी असते.

आमच्या वस्तीतील एका मावशींचे सारे कागद २६ जुलै २००५ च्या पुरात गेले. यजमान आधीच वारलेले, फोटोपास त्यांच्याच नावे, झेरॉक्सही नाही. मतदार यादीचा जुना उतारा हाती येईपर्यंत त्या माउलीने दोन वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले.

म्हणून विनंती अशी :

१) फोटोपास, वीजबिल, मतदार यादीचा उतारा, सर्व्हेची पावती यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा.

२) घरातील कर्ता वारल्यास वारसनोंद लगेच करून घ्या.

३) केवळ स्टँपपेपरवर झोपडी विकत घेतल्याने मालकी मिळत नाही, हे ध्यानात असू द्या.

४) परिशिष्ट-२ लागताच नाव तपासा व हरकत मुदतीत नोंदवा.

५) नवे घर पती-पत्नी दोघांच्या नावे होते. भगिनींनी तो हक्क सोडू नये.

घर बांधायला आपल्या माणसांनी घाम गाळला. ते टिकवायला आता कागद जपावा लागेल.