पानाच्या आतली वाट

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कोणत्याही सांदवाडीत चवळीचे, टमाटरचे किंवा दोडक्याचे पान निरखून पाहावे. बहुधा त्यावर पांढुरकी, वळणावळणाची रेघ दिसते. या किडीला शेतकरी नागअळी म्हणतात.

जेमतेम दोन मिलिमीटरची काळी-पिवळी माशी पानाला बारीक छिद्रे पाडते. काहींतून रस चाखते, काहींत अंडी घालते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खात पुढे सरकते. ती वाढते तशी वाटही रुंदावते. अरुंद टोक म्हणजे तिचा जन्म. रुंद टोकाशी पापुद्रा फाडून ती मातीत उतरते आणि कोषात जाते.

आज आपल्या भाज्यांवर सर्रास दिसणारी जात, लिरिओमायझा ट्रायफोली, मूळची अमेरिकेतली. शेवंतीच्या रोपांच्या व्यापारातून ती जगभर पसरली. भारतात ती १९९० च्या सुमारास हैदराबाद परिसरात एरंडावर आढळली.

तिचे भाऊबंद मात्र इथे जुनेच आहेत. सोयाबीनची खोडमाशी पानाच्या देठातून खोडात शिरते. तुरीची शेंगमाशी वरून धड दिसणाऱ्या शेंगेतला दाणा खाते. याच कुळातली एक माशी तर माणसाने मुद्दाम आणली. रानात माजणाऱ्या घाणेरीचे बी खावे म्हणून १९२१ साली ती हवाईहून भारतात आली. माशी रुजली, घाणेरी हटली नाही.

नागअळीवर फवारणी करताना एक गोष्ट सहज विसरली जाते. अळी पापुद्र्याआड सुरक्षित असते; वरवरच्या औषधाने मरतात त्या तिच्या अंगावर अंडी घालणाऱ्या इवल्या परोपजीवी गांधीलमाश्या. राखणदार गेले की नागअळी अधिकच फोफावते, आणि मग पुन्हा फवारणी. या चक्राची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तिथली कीड वेगळी होती, पण पंप पाठीवर घेणारा माणूस तोच.

वाढलेले झाड थोड्या रेघा सहज सोसते. रोप कोवळे असेल, तर खालची रेघाळलेली पाने खुडून नष्ट करावीत. पान उजेडासमोर धरले की आतली अळी दिसते. ती जिवंत आहे की मेलेली, एवढे पाहून मगच पंपाला हात घालावा.